आपल्याच गावी पाहुणे होऊ या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात पार्किंगमध्ये झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कमिटीने मला ‘माझा प्रवास’ असा विषय दिला. मी काशी-रामेश्वर, चारधाम किंवा मुलाकडे केलेल्या परदेशवारीबद्दल बोलावं, अशी सेक्रेटरींची अपेक्षा असावी. पण त्या सगळ्या यात्रा आपण एकमेकांना व्हॉट्सॲपवर फोटोंसकट घडवलेल्या आहेत. त्याच पुन्हा ऐकवल्या तर तुम्ही भाषण संपायच्या आत जेवणाच्या रांगेत उभे राहाल. म्हणून मी आज अगदी जवळची दोन गावं घेतली आहेत. एक आपली सांगली आणि दुसरा साधारण सव्वाशे किलोमीटरवरचा सातारा.

आता तुम्ही म्हणाल, सांगलीत आम्ही राहतोच आणि पुण्याला जाता-येता सातारा लागतोच, यात प्रवास कसला आला? मान्य. पण हायवेला थांबून कंदी पेढे घेणं सोडलं, तर साताऱ्याच्या पेठांमधून तुमच्यापैकी किती जण पायी फिरलेत? आणि हरिपूरला, म्हणजे इथून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर, शेवटचे कधी गेलात? गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने विचारलं, “आजोबा, सांगलीत बघायला काय आहे?” घरात आम्ही पाच मोठी माणसं होतो. गणपती मंदिर एवढं नाव घेऊन पाचही जण गप्प झालो. त्याला द्यायचं उत्तर म्हणजेच आजचं हे भाषण, असं समजा.

माझी नोकरी बँकेत झाली. छत्तीस वर्षांत अकरा बदल्या. पहिल्या बदलीच्या वेळी आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं, “नव्या गावी गेलास की पहिल्या रविवारी लेजर उघडू नकोस. चपला घाल आणि गाव बघ. नदी कुठे, बाजार कुठे, सगळ्यात जुना वाडा कुणाचा, शाळा कुणी काढली, हे बघून ये. कर्ज मागायला माणूस येतो तेव्हा आपण त्याची पत बघतो ना? तशी गावालाही पत असते.”

हा सल्ला मी आयुष्यभर पाळला. त्यातूनच गाव बघण्याचे माझे तीन प्रश्न ठरले. हे गाव मुळात कशासाठी वसलं? त्यात पैसा आणि कष्ट कुणी घातले? आणि ज्याच्या आधारावर ते उभं राहिलं तो आधार गेल्यावर गावाने काय केलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गाइडकडे मिळतात. तिसऱ्यासाठी आपल्याला स्वतः चालावं लागतं.

ही दोनच गावं का, तेही सांगतो. तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण आपला जिल्हा पूर्वी साताऱ्याचाच भाग होता. १९४९ साली तो वेगळा निघाला, तेव्हा त्याचं नाव होतं ‘दक्षिण सातारा’. सांगली जिल्हा हे नाव १९६० मध्ये आलं. म्हणजे ही वाटणी होऊन वेगळे राहणारे दोन भाऊच म्हणायचे. आणि घराण्याची नदी एकच, कृष्णामाई. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. दोन्ही गावांच्या शेजारी संगम, दोन्ही संगमांवर महादेवाची देवळं. साताऱ्याच्या घाटाला लागून आलेलं पाणीच पुढे आपल्या सरकारी घाटाला लागतं.

आधी थोरल्या भावाकडे जाऊ.

साताऱ्याला जायचं तर माझी शिफारस रेल्वेची. सकाळची कोयना एक्सप्रेस सांगलीहून निघते, साताऱ्याला सोडते आणि संध्याकाळी उलट दिशेची कोयना परत आणते. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब आहे म्हणून लोक कुरकुरतात. पण ते माहुलीच्या बाजूला आहे, ही प्रवाशाची सोयच झाली. गावात शिरण्याआधी संगम बघून घ्या. दोन्ही काठांवरचे दगडी घाट आणि देवळं बघा. महाराणी ताराबाईंची समाधी इथे आहे. इथेच शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. राजाने कुत्र्याचं ऋण दगडात बांधून ठेवलं, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. आणि ज्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं ते न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

मग अजिंक्यतारा. गडावर गाडी जाते, त्यामुळे माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनीही घाबरायचं कारण नाही. वर गेल्यावर लगेच सेल्फीला उभे राहू नका. आधी तटावरून खाली बघा. सगळा सातारा नकाशासारखा दिसतो. एका अंगाला यवतेश्वराचा डोंगर, पलीकडे समर्थांचा सज्जनगड.

या गडाला १६९९ च्या अखेरीस खुद्द औरंगजेबाने वेढा घातला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला त्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत बाहेर निघून पुन्हा लढायला उभे राहिले. दुसऱ्या सुरुंगाने तट उलटा मोगलांच्याच अंगावर कोसळला आणि त्यांचे शेकडो लोक त्याखाली गेले. तरी १७०० च्या एप्रिलमध्ये दाणागोटा संपल्यावर गड द्यावा लागला. मधल्या काळात राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. म्हणजे राजा गेला, गडही गेला. आज तिथे उभं राहून विचार करा, त्या वेळी साताऱ्याची पत काय राहिली असेल? कुठल्या सावकाराने या राज्याला कर्ज दिलं असतं?

आणि अवघ्या आठ वर्षांत, १२ जानेवारी १७०८ रोजी, याच ठिकाणी शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. वयाची सुमारे अठरा वर्षं ते मोगलांच्या कैदेत होते. गादीवर आल्यावर त्यांनी गडाच्या पायथ्याला शहर वसवलं, ते शाहूनगर, म्हणजे आजचा सातारा. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गडावर राहायचं ते शत्रूच्या भीतीने. खाली पेठा वसवायच्या तर व्यापाऱ्याला, कारागिराला भरवसा वाटावा लागतो की उद्या कुणी येऊन लुटणार नाही. साताऱ्याच्या पेठा हा त्या भरवशाचा पुरावा आहे. शुक्रवार, शनिवार, मंगळवार अशा वारांच्या पेठा आहेत, तशा यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा याही आहेत. चढ-उतारांच्या गल्ल्या आहेत. मंगळवार तळं, मोती तळं, फुटका तलाव बघा. डोंगराचं पाणी गावात आणून साठवण्याची ती जुनी पद्धत होती. आजही कासचं पाणी साताऱ्याला येतं. आपण कासला फुलं बघायला जातो आणि फोटो काढून परततो. सातारकर ते पाणी पितात.

पुढे कारभार पुण्याला गेला. पण प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. आमच्या भाषेत सांगायचं तर व्यवहार सगळा शाखेत, पण सहीचा अधिकार हेड ऑफिसला.

आता तिसरा प्रश्न. आधार कधी गेला? प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं, तिथेच १८४७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे राहिले. चौदा वर्षं अर्ज, निवेदनं, सभा! एका फायलीसाठी चार चकरा झाल्या की आपण वैतागतो. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं. १८५७ च्या धामधुमीत रंगो बापूजींच्या मुलाला, सीतारामला, फाशी दिलं गेलं. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

राज्य गेलेल्या राजधानीचं पुढे काय होतं? पुष्कळ ठिकाणी पडके वाडे आणि जुन्या गोष्टी उरतात. साताऱ्याने काय केलं ते बघायला राजवाड्यापाशी या. प्रतापसिंह महाराजांनी बांधवलेल्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी इंग्रजी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमधला नंबर १९१४, नाव भिवा. तेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या आईंची, भीमाबाईंची समाधीही साताऱ्यातच आहे. मी जन्मभर रजिस्टरं चाळली, लाखांच्या नोंदी बघितल्या, पण साताऱ्याच्या त्या एका ओळीच्या तोलाची नोंद मला दुसरी माहीत नाही. राजाचा वाडा राजाच्या कामाचा उरला नाही, तेव्हा त्यात अशा मुलाची नोंद झाली.

तिथून पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी केली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि बाकीचं भांडवल कुठलं? घराघरांतून मूठ-मूठ धान्य. इतक्या कमी भांडवलावर इतकी मोठी संस्था उभी राहिली, याचा हिशेब कुठल्याही बँकेच्या मॅन्युअलमध्ये बसत नाही. आपल्या सोसायटीतही ‘रयत’मध्ये शिकलेले किंवा शिकवलेले आठ-दहा जण सहज निघतील. हात वर करा बघू. बघा, माझा अंदाज कमीच पडला.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. याच साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. मुंबई-कलकत्त्याच्या शेठ लोकांचे ते उद्योग, असं लोक समजत असताना जिल्ह्याच्या गावात हे झालं. ते नाव लक्षात ठेवा, पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता धाकट्या भावाकडे, म्हणजे घरी येऊ.

सांगलीचं संस्थान १८०१ चं. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या लहानशा गावी त्यांनी गादी मांडली. गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं मंदिर बांधलं, व्यापारी आणून वसवले. वाटणीत वेगळा निघालेला भाऊ नवं घर मांडतो, तसं सगळं मुळापासून. गणपती मंदिरात आपण शंभरदा गेलो असू. पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर पाच मिनिटं जास्त थांबा आणि तो काळा दगड, ते सांधे हात लावून बघा.

याच आप्पासाहेबांच्या दरबारात कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ करायला आली. ते पाहून महाराजांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. त्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. एवढं बहुतेक सांगलीकरांना पाठ असतं. त्यापुढची गोष्ट मात्र आपण सांगत नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा राजाश्रय सुटला. पदरी नटमंडळी, त्यांचे संसार, आणि तिजोरी बंद! तेव्हा विष्णुदासांनी बिऱ्हाड उचललं, गावोगाव खेळ केले आणि १८५३ मध्ये मुंबई गाठली. आश्रयदाता राजा गेला, तेव्हा प्रेक्षक आश्रयदाता झाला. मराठी नाटक हा धंदा म्हणून उभा राहिला तो असा. पुढे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ते नाटक कुठल्या कुठे नेलं. भावे नाट्यमंदिरात आपण नाटकाला जातो, मध्यंतरात बटाटेवडा खातो आणि घरी येतो. एकदा नाटक नसताना मुलांना घेऊन तिथे जा आणि ही गोष्ट सांगा.

गणेशदुर्गाकडे येऊ. कामासाठी आपण त्या भागात किती वेळा जातो, पण तिथला खंदक आपल्याला दिसत नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तिथला तुरुंग फोडून बाहेर पडले, खंदकात उड्या टाकल्या. गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव हे दोघं त्या दिवशी गेले. दादांना गोळी लागली, पण ते वाचले आणि पुढे मुख्यमंत्री झाले. दादांचं नाव कारखान्याला आहे, मार्केट यार्डाला आहे. गेलेल्या दोघांची नावं निदान आपल्या मुलांना माहीत असावीत, म्हणून ती मी आज मुद्दाम घेतली.

आता हरिपूर. संगमेश्वराचं दर्शन घ्या, संगमावर बसा. आणि मग पेवांची चौकशी करा. मुलांनो, पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, आत रांजणासारखं रुंद. हरिपूरच्या मातीचा गुण असा की आत ओल येत नाही. तळाला, कडेला पाला लावायचा, हळदीची पोती उतरवायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आत हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, तो तेवला तरच माणूस उतरायचा.

बँकवाल्याच्या नजरेने बघितलं तर पेव ही थक्क करणारी गोष्ट आहे. तारणाचा माल गोदामात असला की आम्ही कुलूप लावतो, वर बोर्ड लावतो, महिन्याला तपासणी करतो, तरी रात्री झोप लागत नाही. इथे लाखोंची हळद सपाट जमिनीखाली. कुलूप नाही, भिंत नाही. वरून गुरं चालतात. कुणाचं पेव कुठे हे सांभाळणाऱ्याच्या लक्षात आणि त्याने दिलेल्या चिठ्ठीत. माल ज्याचा त्याला मिळणार, एवढ्या भरवशावर देशभरचा व्यापार चालला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण खरं मानांकन या भरवशाला द्यायला हवं होतं.

२००५ च्या महापुराने या पेवांचं अतोनात नुकसान केलं. पाणी आत शिरलं, हळद कुजली. त्यानंतर माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊ लागला. पेवं बांधणारे, भरणारे जे जाणते लोक होते ते आता थकले. आणखी दहा वर्षांनी हरिपुरात ‘पेव’ शब्द विचारला तर गूगलकडे बोट दाखवतील.

आता त्या बँकेच्या गोष्टीकडे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची, तशी आपली सांगली बँक १९१६ ची. दोन भावांच्या दोन बँका. मी दोन्हींपैकी एकाही बँकेत नव्हतो, त्यामुळे तटस्थपणे सांगू शकतो. शेतकऱ्याला, भुसार व्यापाऱ्याला, शाळामास्तराला ती ‘आमची बँक’ वाटायची. काउंटरवरचा माणूस वडिलांच्या नावाने ओळखायचा. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. वर्षभराच्या आत दोन्ही गावांच्या बँकांच्या पाट्या उतरल्या. ठेवी सुरक्षित राहिल्या, ही मोठीच गोष्ट. पण त्या काळात एका जुन्या खातेदाराने मला विचारलं होतं, “साहेब, पैसे आहेत हो, पण आता गावाची बँक कुठली म्हणायची?” व्यवहार म्हणून बघितलं तर या प्रश्नाला अर्थ नाही. तरी तो मला कधी खुळचट वाटला नाही.

माझं स्वतःचं मत असं. साताऱ्याची गादी गेली, सांगलीचं संस्थान गेलं, पेवं गेली, बँका गेल्या. पण दर वेळी या गावांनी नवं काही उभं केलं, कारण आधीचं काम कसं झालं होतं हे माहीत असलेली माणसं गावात होती. भरवसा कसा जमवायचा, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे गेलं. ते जायचं थांबलं, तर मात्र अवघड आहे. आणि हे मी नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. त्यासाठी आपल्या आयर्विन पुलापर्यंत या.

हा पूल १९२९ चा. आपण त्याच्याकडे एरवी बघत नाही, ऑगस्टमध्ये मात्र सगळी सांगली त्याच्याकडेच बघते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. विश्रामबागेत आपल्या सोसायटीपर्यंत ते आलं नाही. या पार्किंगमध्ये आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये त्या वेळी नऊ कुटुंबं राहिली. आपल्या भगिनींनी आठवडाभर त्यांचा स्वयंपाक केला. या पंचवीस वर्षांत सोसायटीने केलेलं सगळ्यात चांगलं काम मला तेच वाटतं.

त्या नऊ कुटुंबांत गावभागातल्या एक आजी होत्या. त्यांनी मला सांगितलं, “आमच्या वाड्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा होत्या. घाटाच्या ठरावीक पायरीला पाणी लागलं की धान्य माडीवर चढवायचं, हे सासूबाईंनी शिकवलेलं. घर नवं बांधलं, तेव्हा ती भिंत गेली.” मग २००५ ची उंची सगळ्यांच्या डोक्यात बसली. २०१९ ला कित्येकांनी सामान २००५ च्या खुणेच्या वर ठेवलं आणि निर्धास्त राहिले. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. म्हणजे जुनी खूण नसेल तर माणूस आंधळा, आणि जुन्या खुणेवरच विसंबला तरी फसला. खूण जपायची आणि दर वेळी नवीही करायची. मुलाने फ्लॅट किंवा प्लॉट घ्यायचा म्हटलं की आपण व्याजदर बघतो, वास्तू बघतो. तिथला ओढा पूर्वी कुठून वाहायचा हे कोण विचारतं? ज्याने गाव पायी बघितलंय तो विचारतो.

तेव्हा शेवटी चार सूचना. कमिटीने त्या मिनिट्समध्ये घ्याव्यात ही विनंती, म्हणजे पुढच्या सभेत मला जाब विचारता येईल.

पहिली. महिन्यातून एका रविवारी सकाळी आपण पायी फिरू. पहिली फेरी गणेशदुर्ग, गणपती मंदिर, सरकारी घाट, आयर्विन पूल. दुसरी हरिपूर. तिसरी परवानगी काढून मार्केट यार्डात हळदीचे सौदे. चौथी भावे नाट्यमंदिर. प्रत्येक घरातून एक मोठा आणि एक लहान माणूस यावा. मोठ्या माणसाने फोन खिशात ठेवावा, लहानाने हवे तेवढे प्रश्न विचारावेत.

दुसरी. थंडीत एक दिवस साताऱ्याची सहल. बस नको, कोयना एक्सप्रेस. माहुली, अजिंक्यतारा, राजवाडा आणि पेठा. पेढे सगळ्यात शेवटी.

तिसरी. सोसायटीतल्या ज्येष्ठांपैकी कुणाचं बालपण गावभागात गेलं, कुणाच्या घरी हळदीचा व्यापार होता, कुणी ‘रयत’च्या वसतिगृहात राहिलं, कुणी बँकेत खातं उघडलं तेव्हा पहिली ठेव किती होती, हे सगळं लिहून घ्यायचं. टायपिंग मी करतो. त्यासाठी मात्र लवकर करा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पाया पूजला, तेव्हाच्या फोटोत जे आहेत त्यातले सात जण आज नाहीत. त्यांच्याकडून आपण काहीच विचारून घेतलं नाही.

चौथी, आणि हिला खर्च फक्त रंगाच्या एका डब्याचा. आपल्या गेटच्या आतल्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पुराचं पाणी इथून किती अंतरावर, कुठल्या चौकापर्यंत आलं होतं, ते लिहून ठेवायचं. उद्या हे फ्लॅट नव्या माणसांच्या हाती जातील. त्यांना आपली नावं कळली नाहीत तरी चालेल, पाणी कुठपर्यंत येतं हे कळायला हवं.

मंडळी, मी बराच वेळ घेतला. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागला आहे आणि चेअरमनसाहेब दोनदा घड्याळाकडे बघून झाले. पहिली फेरी येत्या रविवारी. सकाळी साडेसहाला गेटपाशी या, पाण्याची बाटली आणि टोपी आणा. मी सहा वाजल्यापासून उभा असेन.